साउंड कार्डाचा दुभाष्या

संगणकातून सनईचा स्वर उमटला की कौतुक वादकाचे होते, फार झाले तर कर्ण्याचे. परंतु संगणकाची प्रणाली आणि साउंड कार्ड यांच्यामध्ये उभा राहून एकाचा हुकूम दुसऱ्याच्या भाषेत पोहोचवणारा जो ड्रायव्हर नावाचा दुभाष्या, त्याची आठवण तो मुका झाल्याखेरीज कोणास होत नाही. लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीत ही चाकरी तीन दशकांहून अधिक काळ चालू आहे, आणि तिचा इतिहास, माझ्या मते, नव्या शोधांपेक्षा दुरुस्त्यांचाच अधिक आहे.

आरंभी फिनलंडच्या हन्नू सावोलाइनेन यांची ओएसएस ही व्यवस्था होती. पुढे चेक प्रजासत्ताकातील यारोस्लाव किसेला यांनी ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड कार्डासाठी लिहिलेल्या ड्रायव्हरातून १९९८ मध्ये आल्सा हा प्रकल्प उभा राहिला, आणि २००३ च्या अखेरीस आलेल्या लिनक्सच्या २.६ आवृत्तीत त्याने ओएसएसची गादी घेतली.

ड्रायव्हरचे नित्यकर्म रहाटगाडग्यासारखे आहे. सेकंदाला ४८,००० नमुने या गतीने कार्ड ध्वनी उपसत असते. एका गाडग्यात १,०२४ नमुने मावत असतील तर ते सुमारे २१ मिलिसेकंदांत रिते होते, आणि तेवढ्यात पुढचे भरून आले नाही तर कानावर ‘टक्’ असा खडा पडतो. गाडगी लहान केली तर गायकाला स्वतःचा आवाज संगणकातून लवकर ऐकू येतो, पण खडे पडण्याचा धोका वाढतो.

खरी कसोटी मात्र निराळीच. इंटेलने २००४ मध्ये हाय डेफिनिशन ऑडिओ हे प्रमाण ठरवून दिले, तरी एकच चिप घेऊन प्रत्येक कारखानदार तिच्या पिना आपल्या मर्जीने जोडतो, आणि त्या जोडणीची बायोसमधील, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीतील, नोंद पुष्कळदा खोटी असते. माझ्याच एका लॅपटॉपचा स्पीकर खणखणीत वाजे, पण हेडफोन मौन धरून बसे. कारण ज्या पिनेवर तो जोडला होता, तिच्यापुढे ‘येथे काही नाही’ असे बायोसने लिहून ठेवले होते. अशा खोट्या नोंदींसाठी ड्रायव्हरात जणू फेरफारांची वहीच ठेवलेली असते: उत्पादकाचा क्रमांक, यंत्राचा क्रमांक आणि त्यापुढे उपाय, एवढी एक ओळ. लिनक्सचे ध्वनी-ड्रायव्हर सांभाळणारे ताकाशी इवाई यांनी वर्षानुवर्षे अशा ओळी तपासल्या आणि दाखल करून घेतल्या. त्यातील बरीचशी यंत्रे सांभाळणाऱ्याच्या हाती कधी येतही नाहीत. तक्रारदार सांगेल ती लक्षणे ऐकूनच निदान करायचे, आणि एका यंत्राचे औषध दुसऱ्यास बाधणार नाही याची खबरदारी घ्यायची! तलाठ्यालाही निदान शिवारात जाऊन बांध पाहता येतो.

जुन्या कार्डांची तर आणखी तऱ्हा. १९९८ च्या साउंड ब्लास्टर लाइव्हमधील एमू१०के१ या चिपला ३१ बिटांपलीकडचा पत्ता वाचता येत नाही, म्हणजे २ गिगाबाइटांपुढची स्मृती तिच्या हद्दीबाहेर. त्या काळी एवढी स्मृती घरगुती संगणकात कोणाकडे होती? स्मृती वाढली तरी कार्डासाठीची जागा त्या हद्दीच्या आतच राखण्याची तजवीज ड्रायव्हरला करावी लागते. हा ड्रायव्हर आजही लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, आहे. माळ्यावर ते कार्ड धड अवस्थेत पडले असेल आणि त्याला बसेल अशी जुनी पीसीआय खाच असलेला संगणक मिळाला, तर ते वाजेल.