थंडींतील तळें व वल्ह्याची होडी

दिवाळी सरली, खारींतील भाताची कापणी आटोपली आणि धरमतरच्या खाडीवरून पहांटेचा गार वारा डोलवीच्या घराघरांत शिरूं लागला, म्हणजे शाळेंत सहलीचा विषय निघतो. नकाशावर बोट ठेवून मुलें मार्ग सांगूं लागतात : नागोठणें, माणगांव, महाड, पोलादपूर आणि तेथून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर. तेथें गेल्यावर पहिली मागणी असते ती वेण्णा तळ्यावर होडी वल्हविण्याची. "सर, आम्ही खाडीकांठचीं मुलें; आम्हांस होडी काय शिकवायची ?" असें आमचे विद्यार्थी आम्हांस दर वर्षीं विचारतात. या प्रश्नाचें उत्तर वर्गांत पांच मिनिटांत देतां येण्याजोगें नाहीं, म्हणून तें या लेखांत देत आहों.

प्रथम आमचीच एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही एका थंड हवेच्या ठिकाणीं मुलांना घेऊन गेलों होतों. सकाळची वेळ होती व तळ्यावर धुकें तरंगत होतें. नववींतील तीन मुलगे एका होडींत बसले. थोडें पुढें गेल्यावर जागा बदलण्यासाठीं त्यांतील दोघे एकदम उभे राहिले. होडी कलली आणि एकजण पाण्यांत पडला. तो मुलगा लहानपणापासून खाडींत पोहणारा. पोहतां येतें म्हणून त्यानें अंगांतील जॅकेट काढून बाकावर ठेविलें होतें, आणि आम्हीं तिकडे लक्ष दिलें नव्हतें. तो पडला तेव्हां त्याची चिंता नको, असेंच आम्हांस क्षणभर वाटलें. परंतु त्याच्यानें धड एक हातही मारवेना. शेजारच्या होडीवाल्यानें वल्हें पुढें केलें, तें त्याच्या हातीं लागलें, म्हणून तो वांचला. कांठावर आल्यावर तो एवढेंच म्हणाला, "सर, श्वासच घेतां येईना." त्या मुलास पोहण्याची विद्या येत होती, थंड पाणी म्हणजे काय, हें मात्र त्यास कोणीं सांगितलें नव्हतें. तें सांगण्याचें काम आमचें होतें.

आतां थंड पाणी म्हणजे काय, तें पाहूं. वेण्णा तळें साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज यांनीं १८४२ सालीं बांधविलें. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १,३५० मीटर उंच आहे, आणि आपली डोलवी जवळजवळ समुद्राच्या पातळीवरच आहे. उंची एक हजार मीटरांनीं वाढली, कीं हवा सरासरीनें सहा-साडेसहा अंशांनीं थंड होते. या हिशेबानें डोलवीच्या व महाबळेश्वरच्या हवेंत आठ-नऊ अंशांचें अंतर पडतें. शिवाय हिवाळ्यांतील निरभ्र व निवांत रात्रीं जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकीत असते. जमिनीलगतची थंड झालेली हवा जड होऊन खोलगट जागेकडे उतरते व तळ्याच्या परिसरांत सांचून राहते. यामुळेंच डिसेंबर-जानेवारींत एखाद्या पहांटे वेण्णा तळ्याच्या आसपास दंव गोठून हिमकण पडलेले दिसतात.

पाण्याची रीत हवेहून निराळी आहे. तें सावकाश तापतें व सावकाशच निवतें. वरचा थर थंड झाला, कीं तो जड होऊन खालीं जातो व खालचें किंचित् उबदार पाणी वर येतें. अशा उलाढालीनें सगळें तळें हळूहळू गार होत जातें. हिवाळ्याच्या आरंभीं पहांटेची हवा पाण्यापेक्षां बरीच अधिक थंड असते. तेव्हां पाण्यांतून निघणारी वाफ तत्काळ निवून तिचे बारीक जलकण होतात व धुकें दिसूं लागतें. तें पाहून मुलें म्हणतात, "पाणी गरम आहे, त्यांतून वाफा निघत आहेत." बोट बुडवून पाहिलें, तर हवेच्या मानानें तें कोमट लागतेंही. परंतु आपल्या शरीराची उष्णता सुमारें ३७ अंश असते, आणि पाणी तिच्याहून कितीतरी थंड असतें. त्यांतही पाणी हवेपेक्षां वीस-पंचवीस पट वेगानें उष्णता वाहून नेतें. म्हणून ज्या हवेंत आपण स्वेटर घालून मजेंत बसतों, तितक्याच थंड पाण्यांत पडलों तर अंगाची ऊब झपाट्यानें जाते.

तथापि पहिला धोका गारठून जाण्याचा नसतो. तो श्वासाचा असतो. थंड पाणी एकाएकीं अंगास लागतांच मनुष्य आपल्या इच्छेवांचून मोठा श्वास आंत ओढतो. त्या वेळीं तोंड पाण्याखालीं असेल, तर पाणीच आंत जातें. पुढें एक-दोन मिनिटें श्वासाची धाप चालते व छातींत धडधड होते. जो मुलगा याच वेळीं घाबरून हातपाय झाडूं लागतो, तो लवकर थकतो. यावर उपाय साधा आहे. डोकें मागें टाकावें, चेहरा वर ठेवावा, हात पसरून तरंगत राहावें आणि श्वास ताळ्यावर येईपर्यंत पोहण्याची घाई करूं नये. श्वास सांपडला, कीं मग होडी धरावी किंवा मदतीसाठीं हांक मारावी. पाणी फार थंड असेल, तर थोड्याच वेळांत हातांच्या बोटांतील बळ जातें. म्हणून जॅकेट आधींच अंगांत असलें पाहिजे. पाण्यांत पडल्यावर तें घालूं म्हणणें व्यर्थ आहे.

खाडीकांठच्या मुलांनीं आणखी एक भेद ध्यानीं ठेवावा. समुद्राचें पाणी खारट असल्यामुळें गोड्या पाण्याहून शेंकडा दोन-अडीच टक्क्यांनीं जड असतें. खाडींतही जेथें खारेपणा अधिक, तेथें अंग सहज तरंगतें. तळ्याच्या गोड्या पाण्यांत तें किंचित् अधिक बुडतें. भरती-ओहोटी, उधाण व भांग यांचा अंदाज आपल्या मुलांच्या अंगवळणीं पडलेला असतो. तळ्यांत भरती नाहीं, ओहोटी नाहीं. परंतु वारा आहे. जातांना वारा पाठीवर असला, म्हणजे होडी आपोआप सरकते व आपण फार कुशल आहों असें वाटतें. परततांना तोच वारा समोर येतो आणि दुप्पट श्रम पडतात. म्हणून आरंभीं वाऱ्याच्या समोर जावें व थकल्यावर वाऱ्याबरोबर परत यावें.

आतां प्रत्यक्ष वल्हविण्याविषयीं. दोन वल्हीं घेऊन बसणारा मनुष्य ज्या दिशेस जावयाचें, तिकडे पाठ करून बसतो; यामुळें अधूनमधून मान वळवून मागें पाहणें अवश्य असतें. वल्हें म्हणजे पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतील तरफच होय. पातें पाण्यांत रोवलें जातें, तो टेकू; दुसऱ्या टोकास आपण जोर लावतों; आणि मधल्या खुंटीवर त्या जोरानें होडी पुढें जाते. नवखा मुलगा केवळ हातांनीं ओढतो व दहा मिनिटांत दमतो. जाणता मनुष्य पाय फळीस टेकवून, पाठ ताठ ठेवून, पाय आणि पाठ यांचें बळ वल्ह्यास देतो. पातें फार खोल बुडवूं नये; तें पाण्यांत झांकलें गेलें म्हणजे पुरे. वल्हवितांना अंगास घाम येतो व थांबतांच तोच घाम थंडी वाजवितो. याकरितां स्वेटर वल्हवितांना सैल करावा व थांबल्यावर नीट घालावा.

हा खेळ हौसेपुरताच आहे, असें कोणीं समजूं नये. पुण्यांत मुळा-मुठेच्या पाण्यावर १८६८ सालीं स्थापन झालेला बोट क्लब आहे. तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचाही बोट क्लब असून त्यांचा 'रेगाटा' प्रसिद्ध आहे. याहून बोधप्रद उदाहरण दत्तू भोकनळ यांचें. नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यांतील तळेगांव रोही हें त्यांचें गांव; पाण्याची टंचाई सोसणारा तो प्रदेश. सैन्यांत दाखल झाल्यावर त्यांनीं वल्हें प्रथम हातीं घेतलें, आणि आरंभीं त्यांस पाण्याची भीति वाटे. तेच दत्तू २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें एकट्यानें होडी वल्हविण्याच्या शर्यतींत तेरावे आले; ती शर्यत दोन हजार मीटरांची होती. पुढें २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेंत चौघांच्या शर्यतींत स्वर्ण सिंग, सुखमीत सिंग व ओम प्रकाश यांच्यासह त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. खाडीकांठीं जन्मलेल्यासच पाणी वश होतें असें नाहीं; जो पाण्याचा धाक मानून त्याचे नियम शिकतो, त्यास तें वश होतें.

नियम मोडल्याचें फळ काय होतें, हें लिहितांना मन जड होतें. तरी लिहिणें भाग आहे. १८ जानेवारी २०२४ रोजीं बडोद्याच्या हरणी तळ्यांत शाळेच्या सहलीची होडी उलटली व बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका यांचा अंत झाला. होडींत क्षमतेहून अधिक माणसें होतीं आणि अनेकांच्या अंगांत जॅकेट नव्हतें, असें त्या वेळीं उघडकीस आलें. त्या दिवशीं घरून निघालेल्या मुलांच्या डब्यांतही आपल्या मुलांच्या डब्यांसारखाच खाऊ असेल.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनीं पुढील गोष्टी पाठ कराव्यात. जॅकेट कांठावरच घालावें व त्याचे बंद दुसऱ्याकडून तपासून घ्यावेत. होडींत चढतांना मधोमध पाऊल ठेवावें, लगेच खालीं बसावें आणि वजन दोन्ही बाजूंस सारखें ठेवावें. जागा बदलावयाची झाल्यास कांठावर परत यावें. होडीवाल्यानें सांगितलेल्या संख्येहून एकही मनुष्य अधिक घेऊं नये. दाट धुक्यांत व सूर्यास्तानंतर पाण्यावर जाऊं नये. होडी उलटली, तर कांठ जवळ दिसतो म्हणून पोहत निघूं नये. उलटी होडीही बहुधा तरंगते, तिला धरून राहावें. मित्र पडला, तर त्याच्यामागें उडी न मारतां त्यास वल्हें, दोर किंवा ओढणी द्यावी.

पालकांस आमची विनंती एवढीच, कीं सहलीच्या पिशवींत कोरड्या कपड्यांचा एक जोड व टॉवेल अवश्य द्यावा, आणि मुलास पोहतां येत असलें तरी जॅकेट घालण्याविषयीं घरींच बजावून सांगावें. आमच्याकडून आम्ही असें वचन देतों, कीं प्रत्येक मुलाचे बंद आम्ही स्वतः ओढून पाहिल्याखेरीज होडी कांठ सोडणार नाहीं. पाण्यांत पडलेला आमचा तो विद्यार्थी आज मोठा झाला आहे. गेल्या वर्षीं त्याचा धाकटा भाऊ सहलीस आला, तेव्हां त्याच्या जॅकेटचे बंद घरूनच कसे आवळावे हें तो शिकून आला होता. आम्हांस तपासण्यापुरतेंच काम उरलें.