ठेकेदाराची वही आणि कामगाराचा मोबाईल

रांजणगांवचा महागणपति आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु देवळाजवळच, पुणें-अहिल्यानगर रस्त्यालगत, दुसरें एक रांजणगांव गेल्या तीन-साडेतीन दशकांत उभें राहिलें आहे, आणि तिकडे यात्रेकरूंचें लक्ष सहसा जात नाहीं. फियाटच्या मोटारी पूर्वीं तेथें तयार होत असत. एलजी, व्हर्लपूल, हायर यांचे कारखाने तेथें आहेत. आपल्या स्वयंपाकघरांतील फ्रीज कदाचित् शिरूर तालुक्यांतूनच आलेला असेल. तिकडे दौंड तालुक्यांत कुरकुंभची रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे.

येथेंच काय, आज कोणत्याही औद्योगिक वसाहतींत काम करणारांचा फार मोठा वर्ग ठेकेदारामार्फत आलेला असतो. लातूर, परभणी, बीड इकडचा तरुण कारेगांवांत चौघांत एक खोली घेऊन राहतो. कारखान्याचें नांव त्याला ठाऊक असतें, पण मालक म्हणून त्यास दिसतो तो ठेकेदार. हजेरी त्याच्या वहींत, पगार त्याच्या हिशेबानें; आणि पगारांतून कापलेला प्रॉव्हिडंट फंड कोठें गेला, हें पाहण्याची सोय फार दिवस नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वीं जॉबरचें असेंच राज्य होतें. १९३५ सालीं गिरणीमालकांच्या संघानें बदली कामगारांस कार्डें देण्याची पद्धति काढली, ती जॉबरची ही मर्जी आटोक्यांत आणण्यासाठींच.

आजचें कार्ड म्हणजे बारा आंकड्यांचा एक क्रमांक. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ सालचा; परंतु नोकरी बदलली कीं खातेंही बदले, आणि जुन्या खात्यांतील रक्कम नव्यांत आणण्याचे कागद भरतां भरतां माणूस कंटाळून ती सोडून देई. ऑक्टोबर २०१४ मध्यें नोकरी बदलली तरी न बदलणारा क्रमांक आला, आणि त्याबरोबर मोबाईलवर पाहतां येणारें खातेंपुस्तक आलें.

हिशेब वाचकांनीं एकदां पाहावा. मूळ वेतन व महागाईभत्ता मिळून १५,००० रुपये असतील, तर शेंकडा १२ प्रमाणें कामगाराचे १,८०० रुपये कापले जातात. तितकेच मालकानें घालावयाचे. त्यांतील १,२५० निवृत्तिवेतनाकडे जातात व ५५० फंडांत. ही रक्कम पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावी लागते. ठेकेदारानें ती कापली आणि भरलीच नाहीं, तर त्या महिन्याची जागा रिकामी राहते व कामगारास ती दिसते. संदेश मराठींतही मागवितां येतो. शिवाय ठेकेदाराच्या कामगारांची वर्गणी भरण्याची जबाबदारी कायद्यानें प्रथम मुख्य मालकावरच टाकलेली आहे. पूर्वीं कामगार ‘माझे पैसे कापले’ एवढेंच म्हणे. आतां कोणत्या महिन्याचे किती, हें तो कारखान्याच्या कचेरींत जाऊन दाखवूं शकतो. आमच्या मतें हा फरक पगारवाढीइतकाच मोठा आहे.

तथापि अडचणी आहेत. क्रमांकास जोडलेला मोबाईल पुष्कळदां कामगाराचा नसून ठेकेदाराच्या कारकुनाचाच निघतो. मग संदेश जातो तोही त्याच्याकडेच! आधार-पत्रावर नांव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरें, आणि कारकुनानें रोमन लिपींत बडविलेलें तिसरें. जन्मतारखेची कथा तर निराळीच. मास्तरांच्या कृपेनें महाराष्ट्रांतील कित्येक खेड्यांत एक सबंध पिढी १ जून रोजींच जन्मास आलेली आहे! एका अक्षराच्या फरकानें निढळाच्या घामाचे पैसे अडतात. ऑगस्ट २०२५ पासून नवा क्रमांक कामगारानें स्वतःच, मोबाईलसमोर चेहरा धरून, काढावयाचा असा नियम झाला. त्यामुळें कारकुनाची मध्यस्थी कांहींशी कमी व्हावी.

कुरकुंभकडे प्रश्न पैशांपेक्षां जिवाचा आहे. १९८४ मधील भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ सालीं कारखाने-कायद्यांत दुरुस्ती झाली. आपण हाताळतों त्या द्रव्यापासून काय धोका आहे हें कळण्याचा, आणि धोका समोर दिसल्यास वरिष्ठांस बजावण्याचा हक्क कामगारास मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेनें घेतली. हे हक्क तींतही आहेत. पण माहितीचे कागद बहुधा इंग्रजींत असतात, आणि पिंपें हलविणारा मनुष्य सातवी-आठवी शिकलेला असतो. तीच माहिती मराठींत किंवा हिंदींत, वाचतां न आली तरी ऐकूं येईल अशी, मोबाईलवर देणें आज मुळींच अवघड नाहीं. मात्र ज्वालाग्राही द्रव्यांच्या विभागांत साधा मोबाईल नेण्यास मनाई असते, आणि ती योग्यच आहे. तेव्हां हें सर्व पाळी सुरू होण्यापूर्वीं, दारावरच व्हावयास पाहिजे.

आमच्या वाचकांच्या घरचीं कित्येक मुलें-मुली अशाच कारखान्यांत इंजिनियर आहेत. कागद त्यांच्या टेबलावर असतात, इंग्रजी त्यांना येतें आणि मराठी तर घरचीच. ‘इन्हेलेशन हॅझर्ड’ या दोन शब्दांखालीं ‘याची वाफ नाकांत जाऊं देऊं नका’ असें लिहावयास अर्धा मिनिटही लागत नाहीं.