मोबाईलच्या जमान्यात सर्व्हरवरचे फ्रेमवर्क कशाला?

"सर, आता सगळं ॲपवर होतं, मग जँगो, लारावेल कशाला शिकायचं?" हा प्रश्न वर्गात हमखास येतो. उत्तर आपल्या भंडाऱ्यातच आहे.

हमीभावाने धान विकायची नोंदणी करायची तर सातबारा लागतो. तो पाहायला तुम्ही मोबाईलवर महाभूलेख उघडता. नागपूर विभाग, भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका निवडला की मोहाडीतल्याच गावांची यादी समोर येते. ही यादी तुमच्या मोबाईलमध्ये असते का? नाही ना! मोबाईल फक्त विचारतो. सर्व्हरवरचा प्रोग्राम डेटाबेसमध्ये शोधून उत्तर पाठवतो.

आलेली विनंती योग्य कोडकडे नेणे, लॉगिन तपासणे, डेटाबेसमधून माहिती काढणे, ही नेहमीची कामे सोपी करणारा तयार सांगाडा म्हणजे सर्व्हरवरचे फ्रेमवर्क. जँगो २००५ सालचे, म्हणजे आयफोनच्याही आधीचे. आणि ते जन्मले अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत! तेव्हा सर्व्हर आख्खे पान तयार करून पाठवायचा. आता ॲपला बहुधा नुसती माहिती पाठवतो, जेसन स्वरूपात. एवढाच फरक.

आणखी एक. समजा, कुणी ॲपमध्ये खटपट करून दोन हेक्टरचे वीस हेक्टर केले, तर? मोबाईल त्याच्याच हातात आहे, त्यातला कोड बदलता येतो. म्हणून सातबाऱ्याशी ताळा सर्व्हरवरच करावा लागतो.

आणि शेवटच्या तारखेला साईट अडकली, की नवा मोबाईल घेऊन काही होत नाही. गर्दी तिकडे झालेली असते.