बीएमएस आणि ब्लॅकबुक

परीक्षांचे दिवस जवळ आले की मुंबईत कॉलेजांच्या आसपासची झेरॉक्सची दुकानं रात्री उशिरापर्यंत गजबजलेली असतात. काउंटरवर काळ्या पुठ्ठ्याच्या बांधणीची चळत लागते. वर सोनेरी अक्षरांत विषय, विद्यार्थ्याचं नाव, मार्गदर्शकाचं नाव आणि शैक्षणिक वर्ष. बॅचलर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज म्हणजे बीएमएसच्या शेवटच्या वर्षाचा हा प्रकल्प. विद्यापीठाच्या कागदावर त्याचं नाव काहीही असो, मुलं त्याला ‘ब्लॅकबुक’च म्हणतात. या अभ्यासक्रमाचा खरा कस या ब्लॅकबुकात लागतो, असं माझं मत आहे.

मुंबईला वाणिज्य शिक्षण नवं नाही. सिडनहॅम कॉलेज 1913 साली सुरू झालं. आशियातलं पहिलं वाणिज्य महाविद्यालय असा त्याचा लौकिक आहे. 1918 ते 1920 या काळात बाबासाहेब आंबेडकर तिथे राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि तिथूनच ते लंडनला अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला गेले. व्यवस्थापन हा विषय मात्र बराच काळ पदवीनंतरचा मानला गेला. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था 1965 ची, आणि तिथे प्रवेश घ्यायचा तर आधी पदवी हवी. बारावीनंतर थेट व्यवस्थापन शिकवणारा बीएमएस विद्यापीठाने आणला तो 1999 च्या सुमारास. उदारीकरण येऊन काही वर्षं झाली होती, खासगी बँका आणि विमा कंपन्या माणसं शोधत होत्या. बी.कॉम.पेक्षा वेगळं काही हवं असलेल्या पालकांना आणि मुलांना हे नाव आवडलं. चांगल्या कॉलेजांच्या पहिल्या यादीची टक्केवारी बघता बघता नव्वदीपार गेली.

अभ्यासक्रम स्वयंअर्थसहाय्यित. म्हणजे सरकारी अनुदान नाही, मुलांच्या फीमधून सगळं चालवायचं. एकाच इमारतीत अनुदानित बी.कॉम.चा वर्ग आणि त्याच्या कैक पट फीचा बीएमएसचा वर्ग शेजारी शेजारी भरतात. त्या वाढीव फीमधला किती वाटा शिकवणाऱ्यापर्यंत पोहोचतो, हा प्रश्न पालकांनी विचारायला हवा. शिकवणारे पुष्कळ जण तासिका तत्त्वावर असतात. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, मधला वेळ लोकलमध्ये. त्यांनीच या अभ्यासक्रमाला उभं केलं आहे, आणि त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

विषयांचा पसारा मोठा आहे. हिशेब, व्यवसायाचे कायदे, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, माणसांशी वागण्याचं शास्त्र, आणि पुढे फायनान्स, मार्केटिंग किंवा एचआर यांतली एक वाट. पण कुठलाही विषय मुळापर्यंत जायच्या आत सेमिस्टर संपते. उदाहरणं बहुतेक परदेशी कंपन्यांची. खरं तर गिरगावात 1959 साली सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेलं लिज्जत पापड हाकेच्या अंतरावर आहे. मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्डने 2010 मध्ये केस स्टडी लिहिली. तिकडची मुलं ती वाचतात आणि इकडची मुलं डबेवाल्याला चर्चगेटच्या फुटपाथवर ओलांडून वर्गात जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ब्लॅकबुकात ही उणीव भरून निघू शकते. निघतेच असं नाही. बहुतेक ब्लॅकबुकांचा साचा ठरलेला: प्रस्तावना, पूर्वीच्या अभ्यासांचा आढावा, संशोधनपद्धती, मग मित्रमंडळींकडून व्हॉट्सॲपवर भरून घेतलेला गुगल फॉर्म आणि त्याची रंगीत वर्तुळं. तोंडी परीक्षेत प्रश्न विचारला की मूल आधी पानं उलटतं.

पण मधूनच एखादी वही वेगळी निघते. एका तोंडी परीक्षेला मी परीक्षक होतो. डोंबिवलीहून येणाऱ्या एका मुलीने आईच्या घरगुती डब्यांचा हिशेब मांडला होता. कणीक, तेल, भाजी, गॅस, डबे पोचवणाऱ्या मुलाचे पैसे असं सगळं तिने रोजच्या रोज टिपलं होतं. तोवर आईचा हिशेब एवढाच असायचा: महिनाअखेर हातात काय उरलं. मुलीने त्यात एक रकाना वाढवला, आईच्या श्रमांचा. आसपास पोळ्या लाटून देणाऱ्या बायका पोळीमागे जे घेतात, तोच दर लावला. नफा जवळजवळ दिसेनासा झाला. मी विचारलं, “मग आई काय म्हणाली?” मुलगी म्हणाली, “सर, आधी ती चिडली. म्हणाली, घरच्या कामाचे कसले पैसे लावतेस? मग रात्री स्वतःच वही मागून घेतली.” पुढच्या महिन्यापासून डब्याचा दर वाढला. दोन गिऱ्हाइकं गेली, बाकीची राहिली. परिव्ययाचा धडा त्या मुलीला आता कोणी नव्याने शिकवायची गरज नव्हती.

अशी वही होते तेव्हा तिच्यामागे वेळ देणारा मार्गदर्शक असतो. एकेका शिक्षकाकडे वर्गातली निम्मी ब्लॅकबुकं आली, तर त्याने प्रत्येकाला दुकानात, बाजारात, कारखान्यात कसं पाठवायचं? सही करून मोकळं होण्याखेरीज त्याच्या हातात काय उरतं?

गेल्या काही वर्षांत कागदोपत्री मोठी उलथापालथ झाली. 2024-25 पासून बीबीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीई म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा सुरू झाली. परीक्षा देणारे कमी आणि जागा जास्त, म्हणून त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा परीक्षा घ्यावी लागली. काही कॉलेजांनी बीएमएस हे नावच सोडलं आणि ‘बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज’ अशी पाटी लावली. वर्गात बसणाऱ्या मुलाच्या दृष्टीने या पाटीबदलाला मी फारसं महत्त्व देत नाही.

महत्त्वाचा बदल दुसरा आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, मुलांच्या भाषेत ओजेटी, यांना श्रेयांक मिळाले आहेत. चौथ्या वर्षाचीही सोय आहे. म्हणजे त्या डोंबिवलीच्या मुलीने स्वतःच्या हिमतीवर जे केलं, ते आता वेळापत्रकात बसतं. कॉलेजांनी यासाठी आसपासच्या दुकानदारांशी, सहकारी पतपेढ्यांशी, बचतगटांशी बोलणी करावीत, मुलांना तिथे पाठवावं, आणि त्यांच्याबरोबर जाणाऱ्या शिक्षकाच्या त्या तासांचे पैसे तासिकेच्या हिशेबात धरावेत.