यंत्र निवडताना आधी शरीर पाहावं

बफेलोच्या दुकानांत स्नो ब्लोअर मांडलेले असतात ते ताकदीच्या क्रमाने. विक्रेताही बर्फाबद्दलच विचारतो: ड्राइव्हवे किती लांब, बर्फ किती साचतो? प्रश्न रास्त आहेत. ईरी सरोवरावरून येणारा थंड वारा वाफ उचलतो आणि शहराच्या दक्षिणेला अरुंद पट्ट्यात बर्फ ओततो. नोव्हेंबर 2022 मध्ये ऑर्चर्ड पार्क परिसरात एकाच वादळात सुमारे 80 इंच बर्फ पडला होता. पण मी ज्या ताईसोबत गेलो होतो तिला संधिवात आहे. बोटांची पकड सैल, गुडघे आखडलेले. तिच्यासाठी पहिला प्रश्न वेगळा होता: या यंत्राला माझ्याकडून कोणकोणत्या हालचाली हव्यात?

हलकं, एकाच टप्प्याचं यंत्र आधी मनात भरतं. त्याचं रबरी पातं जमिनीला घासत बर्फ ओढतं आणि थेट बाहेर फेकतं. सहा-आठ इंच भुसभुशीत बर्फाला ते पुरतं. खरी अडचण ड्राइव्हवेच्या तोंडाशी येते. रस्ता साफ करणारा प्लाऊ तिथे ओल्या, घट्ट बर्फाचा बांध टाकून जातो. हलकं यंत्र त्यावर चढू पाहतं. मग ते मागे घ्यायचं, पुन्हा रेटायचं. ताईचे खांदे-मनगटं नेमकी इथेच हार मानतात.

दोन टप्प्यांच्या यंत्रात पोलादी पातं बर्फ फोडून आत घेतं, मागचा पंखा तो दूर फेकतो आणि चाकं इंजिनावर चालतात. रेटावं लागत नाही. मात्र वजन शंभर किलोच्या आसपास, त्यामुळे प्रत्येक पट्ट्याच्या शेवटी वळवणं जड जातं. म्हणून पॉवर स्टिअरिंग हवंच. मुठीखालचा खटका दाबला की त्या बाजूच्या चाकाचा जोर सुटतो आणि यंत्र तिकडे वळतं. आम्ही ते आवारात चालू करून घेतलं. ताईने जाड हातमोजे घालूनच वळवून पाहिलं. ते महत्त्वाचं, कारण उघड्या बोटांना सोपा वाटणारा खटका हातमोज्यात सापडत नाही.

मग पकड. सुरक्षेसाठी लिव्हर दाबून धराव्या लागतात. सोडल्या की पातं थांबतं. कडक स्प्रिंग असेल तर संधिवाताचा हात लवकर थकतो. दोरीने लिव्हर बांधून ठेवण्याचा मोह जीवघेणा आहे. काही यंत्रांत एक लिव्हर धरली की दुसरी आपोआप दाबलेली राहते. मग एक हात बर्फाची दिशा बदलायला मोकळा होतो. दिशा बदलायला वाकून फिरवायच्या दांड्यापेक्षा समोरचा जॉयस्टिक बरा.

सुरू करणं हीदेखील एक हालचाल आहे. दोरीचा हिसका तिला शक्य नाही. पेट्रोलच्या यंत्राला विजेवरचा स्टार्टर मिळतो, पण वायर जोडायला-काढायला वाकावं लागतं. बॅटरीचं यंत्र बटणावर सुरू होतं, पेट्रोलचा डबा उचलावा लागत नाही. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून ती घरात ठेवायची. तिचं वजन पेलतं का, तेही उचलूनच पाहावं.

बर्फ तुंबला तर यंत्र बंद करून सोबतच्या काठीनेच काढायचा, हाताने कधीच नाही. बंद यंत्रातही अडकलेल्या पात्यात ताण उरतो आणि बर्फ सुटताच ते फिरतं. ज्यांना हात झटकन मागे घेता येत नाही, त्यांनी हा नियम कधीच मोडू नये.

शेवटी ताईने पॉवर स्टिअरिंगचं, 24 इंच रुंदीचं, बॅटरीवरचं दोन टप्प्यांचं यंत्र घेतलं आणि मोठ्या वादळापुरता प्लाऊवालाही ठरवला. “रोजचा रस्ता माझा मी मोकळा करीन,” ती म्हणाली. मला दोन्ही निर्णय सारखेच शहाणपणाचे वाटतात. शरीराला झेपेल तेवढं यंत्र घ्यावं आणि उरलेल्या बर्फासाठी माणूस ठरवावा. हृदयावर आणि सांध्यांवर भार टाकून वाचवलेले पैसे फार महागात पडतात.