कॅसेटमधली घूं-घूं येते कुठून?

जुन्या कॅसेटमधले आवाज मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायला हवेत, असे आता अनेक घरांत बोलले जाते. कुणाकडे मरहूम दादांची तिलावत आहे, कुणाकडे आखातात गेलेल्या मामूंनी पत्राऐवजी पाठवलेली खुशाली. फीत वर्षागणिक खराब होत जाते आणि ती गेली की तो आवाजही गेला. म्हणून उतरवताना मागे घूं-घूं आली, तर चांदीपहून टेपरेकॉर्डर पिशवीत घालून विरारचे दुकान गाठण्याआधी आपण जोडणी तपासू.

सिग्नलला होणाऱ्या एकूण अडथळ्याला इम्पिडन्स म्हणतात. तो ओहममध्ये मोजतात. नियम सोपा आहे: आवाज देणाऱ्या मशीनचा आउटपुट इम्पिडन्स कमी असावा आणि घेणाऱ्याचा इनपुट इम्पिडन्स त्याच्या निदान दहापट असावा. १,००० ओहमचे आउटपुट १०,००० ओहमच्या इनपुटला जोडले, तर सिग्नलचा अकरावा भागच वाया जातो. दोन्ही सारखे असतील, तर निम्मा जातो. मग आपण व्हॉल्यूम वाढवतो आणि पुढच्या मशीनची खरखरही वाढते.

घूं-घूं मात्र घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची असते. वायरचे मोकळे टोक बोटाला लागले की स्पीकर गरजतो, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. हवेतून शिरलेला अगदी क्षीण प्रवाह मोठ्या इम्पिडन्सवर मोठा होऊन ऐकू येतो. तेच टोक टेपरेकॉर्डरला जोडले की त्या प्रवाहाला कमी इम्पिडन्सची वाट मिळते आणि स्पीकर शांत होतो.

म्हणून टेपरेकॉर्डरचे 'लाइन आउट' 'लाइन इन'लाच जोडावे. 'माइक'चे इनपुट अगदी बारीक सिग्नलसाठी असते. तिथे आवाज फाटतो. लॅपटॉपला 'लाइन इन' नसेल, तर ते असलेले यूएसबी साउंड कार्ड घ्यावे. वायर शील्डेड आणि आखूड असावी. जुन्या क्रिस्टल पिकअपच्या रेकॉर्ड प्लेअरला मात्र सुमारे दहा लाख ओहमचे इनपुट लागते. साध्या इनपुटला तो जोडला तर खर्जाचा आवाज पातळ होतो.

एवढे करूनही घूं-घूं राहिली, तर दोष बहुधा अर्थिंगच्या जोडणीत असतो. दोन्ही मशीन एकाच बोर्डावर लावून पाहावीत. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये. आवाजाहून जीव मोलाचा आहे.

आणि सर्वांत आधी, घरातली सर्वांत जुनी कॅसेट बाहेर काढावी. तिच्याकडे वेळ कमी आहे.