चुंबक मेंदूपर्यंत पोहोचते, पण गुण कशाला येतो?

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्या वीज तयार करतात, ती मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या नियमाने: चुंबकीय क्षेत्र बदलले की वाहकात विद्युतप्रवाह निर्माण होतो. शेफील्डमध्ये १९८५ साली अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच नियम माणसाच्या डोक्यावर वापरला. तारेच्या वेटोळ्यातून त्यांनी क्षणभरच मोठा प्रवाह सोडला. कवटीला धक्का न लावता मेंदूतल्या चेतापेशी उद्दीपित झाल्या आणि हाताचे स्नायू आकसले. मेंदूकडून स्नायूंकडे जाणारा मार्ग शाबूत आहे का, हे तपासायला ही पद्धत तेव्हापासून उपयोगी पडते आहे. ही उपकरणे आता उपचारासाठीही वापरली जातात आणि खरा प्रश्न इथेच सुरू होतो. पेशी उद्दीपित करणे वेगळे आणि आजार बरा करणे वेगळे. त्यामुळे एका आजारातल्या यशावर दुसऱ्या आजाराची हमी देता येत नाही.

औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यात पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे. अमेरिकेत २००८ मध्ये या उपचाराला परवानगी मिळाली. २०१० च्या एका चाचणीत खरे उद्दीपन मिळालेल्या सुमारे १४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले, तर तसाच आवाज आणि तशीच टोचणी देणाऱ्या नकली वेटोळ्याने ५ टक्के रुग्णांचे. हा सगळा मनाचा खेळ आहे, या आक्षेपाला हा फरक उत्तर देतो. मात्र १४ हा आकडा लहान आहे, हेही रुग्णाला आधीच सांगायला हवे.

लकव्याचे चित्र निराळे आहे. घरातल्या कर्त्या माणसाचा हात लुळा पडला की कुटुंब कोणत्याही यंत्रासाठी पैसे उभे करायला तयार होते, म्हणून इथे जास्त काटेकोर राहावे लागते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत १९९ रुग्ण होते. सहा महिन्यांनी खऱ्या उद्दीपनाच्या गटात ६७ टक्के आणि नकली गटात ६५ टक्के रुग्णांच्या हातात ठरवलेली सुधारणा दिसली. दोन्ही गटांना हाताचा नेमका, कामाशी जोडलेला व्यायाम दिला होता. माझ्या मते या चाचणीतला सर्वांत मोलाचा धडा तोच आहे: लकव्याच्या रुग्णासाठी आधी फिजिओथेरपिस्ट हवा. त्या चाचणीतले नकली वेटोळेही थोडे उद्दीपन करत असावे, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे, पण त्यातून नव्या चाचणीची गरज सिद्ध होते, उपचाराचा गुण नव्हे.

जिथे मानसोपचारतज्ज्ञच दुर्मीळ, तिथे हे यंत्र हवे कशाला, असेही विचारले जाईल. समुपदेशन आणि औषधे आधी, यात वाद नाही. पण ती घेऊनही जो खचलेलाच राहतो, त्याला साक्रीकर म्हणून हा उपचार नाकारावा का? अडचण फेऱ्यांची आहे. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे जावे लागते. धुळे पन्नासेक किलोमीटरवर, म्हणजे रोजची मजुरी बुडणार. कॅनडातल्या ४१४ रुग्णांच्या अभ्यासाने २०१८ मध्ये दाखवले की साडेसदतीस मिनिटांऐवजी तीन मिनिटांचे सत्रही तेवढेच गुणकारी ठरते. त्याने यंत्रावरची रांग कमी होईल, एसटीच्या फेऱ्या नाहीत. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी रोज दहा सत्रे देऊन उपचार पाच दिवसांत आणला. मात्र त्यांची नियंत्रित चाचणी अवघ्या २९ जणांवरची होती आणि प्रत्येकाच्या मेंदूचे एमआरआय चित्रण करून जागा ठरवली होती. तसल्या चित्रणाशिवाय, जिल्ह्याच्या रुग्णालयात पाच दिवस राहून तेवढाच गुण येतो का, याची चाचणी खानदेशासारख्या भागात व्हायला हवी.